जोडीतला ओळंबा

मित्रांनो, ओळंब्याची हकीकत पाठीत वाकून ऐकायची नसते. पाठ सरळ करा, मग मी बोलतो.

मी पितळेचा जुना ओळंबा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. अंगाने मी भोवऱ्यासारखा, वर रुंद आणि खाली टोकदार. डोक्याला भोक, भोकात ओवलेला दोरा, आणि दोऱ्यावर सरकणारा एक चौकोनी लाकडी ठोकळा. गवंडी तो ठोकळा भिंतीच्या माथ्याशी टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी क्षणभर झुलतो, मग थांबतो. मी थांबलो म्हणजे भिंत खरी की खोटी ते कळते. याखेरीज मला दुसरी भाषा नाही. हे सरळ आहे, हे सरळ नाही. जन्मभर मी एवढेच बोलत आलो.

आज मी जिथून बोलतो आहे तिथे ऊन पोहोचत नाही. ते का, हे ओघाने येईल. मध्येच विचारू नका.

निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला एक वर्ष झाले होते, तेव्हा औरंगाबादेत एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. त्या वर्षी शहरातली कितीतरी कुटुंबे घरे सोडून दूर निघून गेली होती आणि त्यांची भांडी वजनावर विकली जात होती. असेच एक मोडके पानदान ओताऱ्याने मुशीत टाकले. माझे पितळ मुळात एका सोडून दिलेल्या घराचे आहे, हे मी कधी विसरलो नाही. एकाच मुशीतून, एकाच ओतात, दोन साच्यांत आम्ही दोघे उतरलो, मी आणि माझा जोडीदार. वजनाला गुंजभर फरक नाही. ओताऱ्याने आम्हाला दोन दोऱ्यांना बांधून शेजारी शेजारी टांगले. एक हलला की दुसरा हले. ओतारी म्हणाला, "ही जोडी हाय. फोडू नका."

आम्हाला घेतले दोन गवंड्यांनी. एक मुंजाबा, दुसरा कडूबा. सोयगावाकडून दोघे बरोबरच कामाच्या शोधात शहरात आलेले. मुंजाबाचे नवे लग्न झालेले. त्याची बायको पुतळाबाई दोघांना चुना कालवून देई आणि दोघांच्या भाकरी भाजी. कडूबा धनगराचा पोर, सडाफटिंग, मोठ्याने हसणारा, आणि डावखुरा. मी मुंजाबाकडे गेलो, माझा जोडीदार कडूबाकडे.

दोघांची पद्धत ठरलेली होती. विहिरीची बांधणी असली की कडूबा आत उतरायचा आणि चिरे बसवायचा. खालच्या थराला तो आपला ओळंबा लावी. मुंजाबा काठावर उभा राहून मला वरून सोडी. खालचा दोरा आणि वरचा दोरा जुळला, तरच पुढचा थर. खालून कडूबा ओरडायचा, "बरोबर हाय का?" आणि वरून मुंजाबा मला पाहून उत्तर द्यायचा. मला न पाहता उत्तर द्यायचे नाही, हा नियम.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती पुढे लागेल. विहिरीत दोरा ओला होतो आणि ओला दोरा ताणतो. म्हणून मी खाली पोहोचलो की कडूबा डाव्या अंगठ्याच्या नखाने माझी गाठ अलगद सोडायचा, दोरा पिळायचा, आणि सोडलेल्या टोकाला एक उलटा पीळ देऊन मला परत बांधायचा. मुंजाबा त्यावर हसे. "तुझा हातच उलटा, दोराही उलटा केला लेका!" कडूबा खालून म्हणे, "उलट्या हाताचं काम सुलट बघून घे, दादा." त्याच्या नखाचा तो स्पर्श मला पाठ झाला होता.

तिसऱ्या वर्षी शहराच्या दक्षिणेला, गारखेड्याच्या शिवारात, आप्पासाहेब नावाच्या एका जमीनदाराच्या मळ्यात त्यांना विहीर मिळाली. नऊ परस खोल, म्हणजे नऊ माणसे एकावर एक उभी राहतील एवढी. पाणी असे की उपसून उपसून बैल थकायचे. तळापासून चिऱ्यांचा गोल घेर चढत आला. वरचे थोडे थर तेवढे राहिले.

त्या दिवशी दुपारी आप्पासाहेबांच्या घरून गरम जेवण आले होते. मुंजाबा काठावर बसून फडके सोडत होता. मी त्याच्या शेजारी, दोरा गुंडाळलेला, तसाच मातीत पडून होतो. खालून हाक आली.

"बरोबर हाय का?"

मुंजाबाने माझ्याकडे हात नेला. मग जेवणाकडे पाहिले.

"बरोबर हाय! चढव!"

मित्रांनो, बरोबर नव्हते. घेर दोन बोटे पोटात आला होता. मला सोडले असते तर मी सांगितले असते. मला सोडले नाही. मला तोंड नाही. सूर्य कलायच्या आत त्या बाजूचे चिरे एकदम सुटले आणि कडूबाला घेऊन खाली गेले. त्याला बाहेर काढायला तिसरा दिवस उजाडला. त्याच्या कमरेला खोचलेला माझा जोडीदार मात्र सापडला नाही.

घेर पुन्हा बांधला, दुसऱ्या गवंड्यांनी. मुंजाबा त्या मळ्याकडे परत फिरकला नाही. "बरोबर हाय" हे शब्द त्याच्या तोंडून नंतर कुणीही ऐकले नाहीत. त्यानंतरची पंचवीस वर्षे त्याने मला जेवढे वापरले तेवढे कुठल्या गवंड्याने आपल्या ओळंब्याला वापरले नसेल. एका थराला तीनदा. लोक म्हणत, मुंजाबा मिस्तरीची भिंत म्हणजे ताणलेली तार. शाळा, दवाखाने, दुकाने, पुष्कळांची घरे आम्ही उभी केली. कौतुक झाले, शेला मिळाला, एकदा माझ्या अंगाला हळदकुंकूही लागले. पण कुठलीही भिंत संपली की मुंजाबा मला हातात घेऊन उगाच थोडा वेळ उभा राही. कशाची तरी वाट पाहिल्यासारखा.

त्याचे स्वतःचे घर कधी झाले नाही. औरंगपुऱ्याच्या एका बोळात, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीतच तो वारला. जाताना त्याने पुतळाबाईला ती दुपार सांगितली. तोवर तिलाही ठाऊक नव्हते. तिने ऐकून घेतले, मला खुंटीवर टांगले, आणि सात वर्षे मी तिथेच राहिलो. माझ्यावर धूर बसला. माझ्याच दोऱ्यावर सून ओले रुमाल वाळत घाली. अपमान होता, पण मी सरळ लोंबत राहिलो.

आता घर घेण्याची गोष्ट.

पुतळाबाईचा मुलगा रामकिसन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याची बायको आशा. त्या उन्हाळ्यात आशाला सहावा महिना होता आणि घरमालकाने सांगितले होते की माझ्या मुलाचे लग्न आहे, श्रावणाच्या आत खोली रिकामी करा. आयुष्यात प्रथमच या कुटुंबाने स्वतःचे घर घ्यायचे ठरवले. तेव्हापासून त्या खोलीत दुसरे बोलणेच उरले नाही. एक दिवसाआड येणारे नळाचे पाणी भरताना घर, भाकरी थापताना घर, रामकिसन कामावरून येऊन पायातल्या वहाणा काढतो न काढतो तोच घर. आशाने वाण्याच्या पुडीच्या कागदावर आपल्या घराचा नकाशा काढला होता. त्यात नळ इतका मोठा की दाराला जागा उरली नव्हती.

"बाई, राहायचं कुठं?" रामकिसनने विचारले.

"नळाखाली," आशा म्हणाली. "मी तिथंच राहीन. तुम्ही आन् आत्याबाई दारात बसा."

आत्याबाई म्हणजे पुतळाबाई. ती हसली नाही, पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी वरून पाहिले.

दर रविवारी तिघे घरे पाहायला निघत. पहिल्याच रविवारी पुतळाबाईने मला खुंटीवरून काढले, चिंच लावून घासले आणि पिशवीत ठेवले.

"माय, हे कशाला?" रामकिसन म्हणाला. "लोक हसतील. घर घ्यायला चाललो का भिंत बांधायला?"

"हसू दे. तुझ्या बापाशिवाय मी घर बघत नसते."

ती प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीला मला लावी. हर्सूलच्या वाटेवरचे पहिले घर वरून रंगवलेले नवरदेवासारखे; मी सोडला गेलो तो भिंतीपासून तीन बोटे लांब थांबलो. दुसऱ्या घराचा मालक म्हणाला, "मावशी, घर राहायला असतं, तोलायला नसतं." पुतळाबाईने उत्तर दिले, "तोललं नाय तर राहता येत नाय." तिसरे घर सरळ होते, पण त्याला पाण्याची वाट नव्हती. असे आठ रविवार गेले. आशाला चालवेना. रामकिसन चिडू लागला.

नवव्या रविवारी ते गारखेड्यात आले.

मी पिशवीत होतो, मला वाट दिसली नाही. मळे जाऊन तिथे वसाहत झाली होती. आतून मला स्कूटरचे आवाज ऐकू आले, शिट्टी झालेला कुकर ऐकू आला. घराचा मालक काकासाहेब. मऊ बोलणारा, पांढऱ्या टोपीतला गृहस्थ. आपल्या वडिलोपार्जित शेतात त्याने ही घरे बांधली होती आणि हे एकच विकायचे राहिले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात नळ, आणि किंमत अशी की रामकिसनने दोनदा विचारून घेतली.

वैशाखाची दुपार होती. बाहेर रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते. स्वयंपाकघरात शिरताच आशा आतल्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"अगं बाई! इथं किती गार लागतंय! आत्याबाई, इकडं या. माठाजवळ उभं राहिल्यावानी लागतंय."

त्याच कोपऱ्याच्या वर, छताला, पाळण्यासाठी लोखंडी कडी बसवलेली होती. आशाने वर पाहिले, मग पोटावर हात ठेवला. "पाळणा इथंच बांधायचा. उन्हाळ्यात लेकराला पंखाबी लागणार नाय."

"ठरलं," रामकिसन म्हणाला. "गुरुवारी इसार देतो, काकासाहेब."

"थांब," पुतळाबाई म्हणाली आणि मला पिशवीतून बाहेर काढले.

सगळ्या भिंती सरळ होत्या. मी प्रत्येकीला लागलो आणि प्रत्येकीपाशी थांबलो. काकासाहेब हसून म्हणाला, "बघा मावशी. सगळं बरोबर हाय."

ते शब्द ऐकून पुतळाबाईचा हात थांबला. तिने काकासाहेबाकडे पाहिले, मग रामकिसनला स्टुलावर चढायला सांगून माझा दोरा त्या पाळण्याच्या कडीतून ओवून घेतला. दारे लावायला सांगितली, खिडकी लावायला सांगितली. मला जमिनीच्या वर वीतभर अंतरावर सोडले आणि सगळ्यांना दूर उभे केले.

मित्रांनो, मला थांबता आले नाही.

आयुष्यात प्रथमच मला थांबता आले नाही. बंद खोलीत, वाऱ्याची झुळूक नसताना, मी हळूहळू फिरू लागलो. आधी बोटभर घेर, मग वीतभर. जणू माझ्या खाली दुसरे कोणी त्याच दोऱ्याने टांगलेले होते आणि ते हलले म्हणून मी हलत होतो. तेव्हा मला ओताऱ्याची भट्टी आठवली. आम्ही दोघे शेजारी टांगलेले. एक हलला की दुसरा हले.

 आशाने पोटावरचा हात तसाच घट्ट धरला.

"वारं येतंय कुठून तरी," रामकिसन म्हणाला. 

"येतंय," पुतळाबाई म्हणाली. "वरून नाय येत. खालून येतंय."

ती गुडघे टेकून बसली. तिने काडी ओढून कोपऱ्याच्या फरशीपाशी धरली. ज्योत सरळ उभी राहिली, मग वाकली, मग पुन्हा उभी राहिली, मग वाकली. श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाकापाशी धरल्यासारखी. तिने बोटांनी चाचपले. कोपऱ्यातली छोटी फरशी चुन्यात बसवलेलीच नव्हती. ती उचलली. खाली चार बोटे रुंद लोखंडी पाइपाचे तोंड होते, काळे आणि गार.

"सांडपाण्याचा हाय तो," काकासाहेब घाईने म्हणाला.

"सांडपाण्याच्या पाइपाला घाण वास येतो. ह्याला शेवाळाचा येतोय." पुतळाबाई उठली नाही. "काकासाहेब, विहीर बुजवली की तिच्या श्वासाला पाइप ठेवतात, ते मला ठाऊक हाय. मी गवंड्याची बायको हाय. इथं विहीर होती का?"

काकासाहेबाने टोपी काढली आणि परत घातली. "होती. आमच्या आप्पांच्या वेळची. बुजवली, मावशी. वर्ष झालं. पार बुजवली."

आप्पा. आप्पासाहेब.  पुतळाबाईलाही त्या क्षणी कळले, आम्ही कुठे उभे आहोत ते. त्या मळ्यात तिने चुना कालवला होता. त्या काठावर तिने दोघांच्या भाकरी नेल्या होत्या. मळा नव्हता, बांध नव्हता, काठावरचे चिंचेचे झाड नव्हते. म्हणून तिला जागा ओळखू आली नव्हती.

तिने रामकिसनला काही सांगितले नाही. मला कडीतून सोडवले. पिशवीतून लाकडी रीळ काढले. त्यावर विहिरीच्या कामाचा लांब दोरा मुंजाबाने शेवटपर्यंत गुंडाळून ठेवला होता. तो तिने मला बांधला, मुंजाबाची गाठ, दोन फेरे आणि एक अडक, जी ओढल्याने अधिकच आवळते. आणि मला पाइपात सोडले.

मी खाली जाऊ लागलो.

पाइप संपला आणि मोकळी, ओली, मोठी पोकळी आली. माती नव्हती. मुरूम नव्हता. वर पातळ स्लॅब, त्याच्यावर स्वयंपाकघर, आणि खाली सगळी विहीर तशीच. घेराचे चिरे मी ओळखले. त्यातले खालचे कितीतरी बसवताना मी हजर होतो. एक परस, दोन परस, तीन. वरून पुतळाबाई मोजत होती, तिचा आवाज पाइपातून बारीक होऊन येत होता. पाच. सहा. मी पाण्यात शिरलो.

पाणी गार होते. मी आणखी खाली गेलो. आणि मग कुणीतरी मला धरले.

मी ओळंबा आहे. मला अतिशयोक्ती येत नाही. जे आहे ते सांगतो. एका नखाने माझी गाठ चाचपली. घाई नव्हती त्या नखाला. त्याने आधी अडक सैल केली, मग एक फेरा, मग दुसरा. डाव्या अंगठ्याचे नख. ते मला बत्तीस वर्षांनीही पाठ होते.

दोरा वर निघून गेला. मी गेलो नाही.

वर काय झाले ते मी पाइपातून ऐकले.  आधी आशाचा आवाज: "आत्याबाई, ओळंबा कुठं हाय?"

"दोरा तुटला असंल," रामकिसन म्हणाला.

"तुटला नाय. टोक बघ." पुतळाबाईचा आवाज अगदी शांत होता. "उलटा पीळ हाय. ही गाठ सोडलेली हाय, रामकिसन. असा पीळ एकच माणूस द्यायचा."

मग तिने काकासाहेबाला हाक मारली. ती ओरडली नाही. मोठ्या घरची सासू नोकराला बोलावते तशी हाक मारली.

"हे हातात धरा. काय लागतंय?"

"ओलं."

"बुजवलेल्या विहिरीत दोरा ओला होत नसतो."

काकासाहेब खाली बसल्याचा आवाज आला. मग तो बोलू लागला, आणि मित्रांनो, त्याचेही ऐकून घ्या, कारण तो लबाड होता त्याहून अधिक भित्रा होता. "मावशी, माती टाकायला माणूसच मिळंना. आप्पा सांगून गेले होते, ह्या विहिरीनं माणूस घेतलाय. पहिली पाटी कुणी टाकायची? ज्यानं टाकली त्यानं जित्त्या माणसावर माती लोटली, असं मजूर म्हणायचे. मीबी टाकली नाय. मग वरून स्लॅब टाकला आन् श्वासाला पाइप ठेवला. मला वाटलं, मान ठेवला."

"मान!" पुतळाबाई म्हणाली. "वर पाळण्याची कडी ठोकून?"

 गेल्या नऊ रविवारांत पाहिलेल्यांपैकी हेच एक घर रामकिसनला परवडणारे होते. श्रावण दोन महिन्यांवर आला होता. मी खालून कान लावून होतो, कारण आता सगळे त्याच्या एका शब्दावर होते.

"आशे," तो अखेर म्हणाला, "त्या कोपऱ्यातून बाजूला हो. चल. हे घर आपलं नाय."

पावले दाराकडे गेली. एक जोडी पावले मात्र परत आली. पाइपाच्या तोंडाशी पुतळाबाई वाकली. तिचा श्वास मला ऐकू आला.

"कडूबाभाऊ," ती हळू म्हणाली, "त्यांनी त्या दिवशी दोरा सोडला नव्हता. जाताना मला सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. आता सांगितलं." मग ती म्हणाली, "ओळंबा ठेवून घ्या. तुमची जोडी हाय."

त्यानंतर ती एकदाच आली, थंडीत. घर अजून विकले गेले नव्हते. तिने फरशी उचलून मला सांगितले की मुकुंदवाडीकडे दीड खोली घेतली, लहान आहे पण खाली पक्का खडक आहे. नात झाली. "तुझ्यावाचून भिंत बघावी लागली," ती म्हणाली. "दोऱ्याला दगड बांधून बघितली. दगड तुझ्याइतका शहाणा नाय, पण खोटं बोलला नाय." मग तिने दारातल्या काकासाहेबाला बजावले: आधी बुजवा, मग विका. पहिली पाटी मी टाकते, मला बोलवा. काकासाहेब "व्हय व्हय" म्हणाला.

तिला कुणी बोलावले नाही.

मित्रांनो, इथे तळाशी आम्ही दोघे शेजारी शेजारी आहोत, मी आणि माझा जोडीदार. पण आता आम्ही आडवे पडलो आहोत. आडव्या पडलेल्या ओळंब्याला काही सांगता येत नाही. दर पावसाळ्यानंतर वरच्या घेरातला एखादा चिरा सुटतो आणि आमच्या शेजारी येऊन पडतो. असे पंधरा पडले. स्लॅबला पेलणारे आता किती उरले आहेत ते मला माहीत आहे; ते मी खाली उतरताना मोजले होते. हे वर कुणाला माहीत नाही.

कारण घर विकले गेले. कोणी घेतले ते मला ठाऊक नाही. त्यांनी भिंतींना काही लावून पाहिले नाही, किंमत पाहिली आणि कोपऱ्यातला गारवा पाहिला. आता वर भांडी वाजतात, कोणी लंगडी घालते, कोणी पाढे म्हणते. आणि दुपारी, घरातले सगळे निजले की पाळण्याची कडी कुरकुरते. एक बाजू, दुसरी बाजू. तेवढ्यात खाली, आमच्यापाशी, कुणीतरी डोके वर करते आणि तोच जुना प्रश्न विचारते. मी दरवेळी ऐकतो.

बरोबर हाय का?

वरून उत्तर येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, आणि ही विनंती नाही, हे माझे शेवटचे काम आहे असे समजा. ज्या घरात तुम्ही राहता त्याच्या भिंतींना कधीतरी दोरा लावा. आईबाबा नवे घर पाहायला निघाले की तुम्हीही जा, आणि त्यांना विचारा, खाली काय होते? विचारायला लाजू नका. जुने लोक असतील तर त्यांना बरोबर न्या, लोक हसतील म्हणून त्यांना घरी ठेवू नका. कुणी न पाहताच "बरोबर आहे" म्हणाले तर तिथे उभे राहा आणि पाहा.

आणि तुमच्या स्वयंपाकघराचा एखादा कोपरा ऐन वैशाखात गार लागत असेल, तर पाळणा आधी तिथून हलवा. मग कोपऱ्यातली फरशी उचला आणि पाइपाच्या तोंडातून एक लांब दोरा खाली सोडा. टोकाला काही बांधू नका. टोक रिकामेच असू द्या.

खालून मला बांधून द्यायला इथे माणूस आहे.